रोजचा उत्तम शुक्रवार

त्या वर्षी राखेच्या बुधवारपासून आमच्या घरात रोज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होता. मला तो नको होता. आईला हवा होता, आणि आईचं डोकं तेव्हा तिच्या ताब्यात राहिलेलं नव्हतं.

वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून भोपाळला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा पिपलानीच्या पलीकडे त्यांनी छोटं घर घेतलं. ते गेल्यावर घरात आई आणि मी उरलो. मी लग्न केलेलं नाही. धाकटा भाऊ नागपूरला असतो. पुढच्या खोलीत माझी तीन शिलाई मशीनं आहेत, त्यांवर कारागीर बायका हाताशी घेऊन मी शाळांचे गणवेश शिवून देते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मला मान वर करायला वेळ नसतो. नेमके याच महिन्यांत राखेच्या बुधवारी सुरू होणारे लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस येतात. पाळकसाहेबांनी लेंटच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, या दिवसांत प्रार्थनेला आणि उपवासाला थोडा जास्त वेळ काढा. मी मनात म्हटलं, जूननंतर बघू.

उत्तम शुक्रवारी आमच्या घरी सकाळपासून पाण्याचा थेंब कोणी घेत नसे. गॅस पेटत नसे. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना चाले. घरी आल्यावर आई भाताची पातळ पेज करायची, नुसतं मीठ घालून. वडील उभं राहून प्रार्थना करायचे आणि त्यांचं आमेन होईपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. आम्ही भावंडांनी लावला की आईचा हात डोळे मिटलेले असतानाही बरोबर आमच्या बोटांवर पडायचा.

आईनं ऐंशी ओलांडली होती. दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार होता. चर्चला नेणं बंद झालं होतं, म्हणून राखेच्या बुधवारी पाळकसाहेब घरी येऊन तिच्या कपाळावर राखेचा क्रूस काढून गेले. ती खूष दिसली. ते गेल्यावर मी मऊ खिचडी आणली आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

"आई, तोंड उघड."

"आज?"

"आज बुधवार आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कॅलेंडरनं."

"कॅलेंडर छापणारे काय चर्चला जातात?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वडील वारलेत हे ती विसरली होती, कधीकधी माझं नावही विसरायची. आज शुक्रवार आहे एवढं मात्र पक्कं होतं.

दिवसभर तिच्याजवळ बसायला एक बाई जुन्या भोपाळहून बसनं यायची. मी तिला म्हटलं, तू हिच्यासमोर दोन घास खाऊन दाखव, म्हणजे ही खाईल. ती म्हणाली, "दीदी, मेरा तो रोज़ा है." रमजानही त्याच दिवसांत आला होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आईला मात्र ताबडतोब कळलं.

"बघ," आई मला म्हणाली. "तिला कळतं. तुलाच कळत नाही."

बाई तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. "अम्मा मेरी पार्टी में हैं, दीदी. अब आप अकेली हो."

हसू तेवढंच. आईचे ओठ फुटले, लघवी गडद व्हायला लागली, गोळ्या पोटात जाईनात. डॉक्टर म्हणाले, पाणी तरी गेलंच पाहिजे, नाहीतर सलाईन लावावं लागेल, पुढे नाकातून अन्नाची नळी. मी एकदा जबरदस्ती केली. चमचा हिरडीला लागला, रक्त आलं. पुन्हा तसं केलं नाही.

मग एका दुपारी, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, मी म्हटलं, "आई, उपासना झाली. आपण घरी आलोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग प्रार्थना कुठं झाली?"

मी उभी राहिले. हातात खिचडीची वाटी होती, ती तशीच धरून मी चार वाक्यांत प्रार्थना उरकली आणि आमेन म्हटलं. आईनं डोळे उघडले.

"हे काय? तुझी बस सुटतेय का?"

वाटी खाली ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, रात्रपाळीला गेलेल्यांसाठी. आमेन म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "कैदी राहिले." कैद्यांसाठी प्रार्थना केली. मग ती स्वतः आमेन म्हणाली आणि पाखरासारखं तोंड उघडलं. सगळी वाटी संपली. वर पाणी प्यायली.

तेव्हापासून दिवसातून तीन वेळा आमची उपासना संपायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आखूड करायला गेले की ती पकडायची. घाई केली की, "बस सुटतेय?" कोणी राहिलं की, "अमुक राहिले." बाईला मी मराठीतून चार ओळी शिकवायचा प्रयत्न केला, म्हणजे मला दर वेळी मशीन सोडून उठायला नको. आई तिला म्हणाली, "तुझा उपास संध्याकाळी सुटतो. तू कशाला घाई करतेस?"

उपवास मला असाच लागला. एका सकाळी मी प्रार्थनेला उभी राहिले तर आई नाक वर करून म्हणाली, "चहाचा वास येतोय. चहा पिऊन उभी राहिलीस?" त्या सकाळी तिनं खाल्लं नाही. त्यानंतर तिचं खाणं होईपर्यंत मी चहाही घेतला नाही. यात माझी श्रद्धा किती होती, हे कोणी विचारू नये. सकाळी दहापर्यंत डोकं दुखायचं आणि कारागीर बायकांवर मी खेकसायचे.

प्रार्थनेचं खरं सांगायचं तर सुरुवातीला माझा एक डोळा खिचडीवर असायचा. गार झाली तर घट्ट होते, घट्ट झाली तर घशात अडकते. तोंडानं विधवा आणि कैदी म्हणत असताना मनात कॉलर, बटणं आणि करोंदच्या शाळेचे राहिलेले स्कर्ट. पण तेच शब्द रोज तीन वेळा, सावकाश, ऐकणाऱ्यासमोर म्हणायचे म्हटलं की कधीतरी माणसाला आपणच काय बोलतोय ते ऐकू यायला लागतं. बाकी काही सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यानंतर मी तो डोळाही मिटायला लागले.

पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा मी सरळ विचारलं, "हे खोटं नाही का? मी तिला रोज सांगते शुक्रवार आहे, उपासना झाली."

"प्रार्थना खरी करता का, ताई?"

"बहुतेक वेळा."

"मग खोटं काय?"

"वार."

ते हसले. "वाराचं देव बघून घेईल." मग उठता उठता म्हणाले, "उपवास म्हणजे समोर ताट असताना नाही म्हणणं. उद्या त्यांना खाताच येणार नाही. तेव्हा त्याला उपवास म्हणू नका. त्यांनाही म्हणू देऊ नका."

हे त्यांनी सांगितलं ते बरं झालं. मला त्याची लवकरच गरज पडली.

भावाला हे सगळं पटत नव्हतं. फोनवर म्हणाला, "ताई, तू आईला फसवून खायला घालतेस. आणि तेही प्रार्थना वापरून."

"मग तू ये आणि न फसवता घाल."

"डॉक्टर नळीबद्दल म्हणाले होते ना? नाकातून."

"ती उपटून टाकेल."

"मग हात जरा बांधून..."

मार्चच्या शेवटी आईचं गिळणं बिघडलं. आधी तिचं आमेन नीट आलं, तोंडही उघडलं, पण घास गालात तसाच राहिला. मी गाल चोळला, गळ्यावरून बोट फिरवलं. घास ओठातून परत आला. मी परत प्रार्थना केली, आधीच्यापेक्षा लांब. कोणी राहू दिलं नाही. ती आमेन म्हणाली आणि पाणी हनुवटीवरून ओघळलं. तेव्हा मी ओरडले. "आमेन म्हटलंस ना? मग गिळ की!" पुढच्या खोलीतली मशीनं थांबली. बाईनं येऊन माझ्या हातातली वाटी काढून घेतली. आई माझ्याकडे पाहत होती, शाळेत दुसऱ्याच मुलीला ओरडा बसताना पाहावं तसं.

खोकल्याबरोबर ताप आला आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. भाऊ नागपूरहून आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं: हा हट्ट नाही, ती गिळायचं विसरली आहे, या आजारात असं होतं. नळी घातली तर काही आठवडे, कदाचित काही महिने मिळतील. नाही घातली तर थोडे दिवस. भाऊ म्हणाला घाला. मीही घाला म्हणाले. हे मी त्याच्यावर ढकलत नाही.

आईनं नळी दोनदा उपटली. तिसऱ्यांदा घातल्यावर तिचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधले. नळीतून पांढरं पातळ अन्न जात होतं आणि ती मनगटं ओढत होती. शुक्रवार वगैरे काही नाही. एकच शब्द. "सोड." नर्सला, मला, भावाला, पंख्याला. "सोड."

वॉर्डात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या. आईचे हात पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, प्रभूनंही सोसलं. मला त्यात पवित्र काही दिसलं नाही. म्हातारीचे हात बांधलेले दिसले. मनगटावर लाल वळ उठले होते आणि बांधायला परवानगी दिलेली मी शेजारी स्टुलावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी भावाला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, नळी काढून घरी नेऊ.

"ताई, तू तिला उपाशी मारणार?"

"हा शब्द मी कालपासून स्वतःला म्हणतेय. तू आज म्हणालास."

"मग?"

"मग काही नाही. तिचे हात सोडवायचे आहेत."

"आणि देव? तीन-तीन वेळा प्रार्थना कशाला केलीस मग?"

"तिनं खावं म्हणून. खात होती तोवर केली."

तो चहा प्यायला म्हणून खाली गेला. बऱ्याच वेळानं आला तो सरळ आत गेला आणि डाव्या हाताची गाठ सोडायला लागला. त्याला ती सुटेना. मी कात्रीनं कापली.

नळी काढून घरी आणल्यावर आई शांत होती. ओल्या कापसानं ओठ पुसायचे, कूस बदलायची, एवढंच काम उरलं. पहिल्या दुपारी वेळ झाली तशी मी सवयीनं उभी राहिले. आणि लक्षात आलं की हातात वाटी नाही. इतके दिवस प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी एक चमचा होता. माझ्या आमेनचा उपयोग होता. आता मागायचं काय? ती बरी व्हावी? ते खोटं झालं असतं, आणि वारासारखं देवावर सोडता आलं नसतं. लवकर सुटावी? तशी वेळ तर मीच आणली होती.

भाऊ पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. "बोल की," तो म्हणाला.

मी नेहमीचीच प्रार्थना म्हटली. आजारी, विधवा, प्रवासी, रात्रपाळीवाले, कैदी. आईसाठी काहीच मागितलं नाही. आमेनला तिचे ओठ हलले असं मला वाटलं. भाऊ म्हणतो, हलले नव्हते.

ती मंगळवारी सकाळी गेली. बाई तेव्हा तिचे पाय पुसत होती. तिनंच मला हाक मारली.

भाऊ नागपूरला परतला. आम्ही फोनवर त्याच्या मुलांच्या परीक्षांबद्दल बोलतो, गावच्या जमिनीबद्दल बोलतो. व्हरांड्यातला 'उपाशी' हा शब्द त्यानं पुन्हा उच्चारलेला नाही आणि मीही काढलेला नाही. तो दोघांनाही ऐकू येतो. मंडळीतल्या बायका कौतुक करतात की मी आईच्या शेवटच्या दिवसांत प्रार्थनेत किती वेळ दिला. मी त्यांना सांगते की वेळ मी दिला नव्हता, आईनं काढून घेतला होता. त्यांना तो विनय वाटतो.

आता दुपारी बारा-साडेबाराला मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबतो. मी मागच्या खोलीत जाते. सकाळच्या चहानंतर काही खाल्लेलं नसतं. उभं राहून सगळ्यांसाठी मागून होतं आणि मग एकच विचारायचं उरतं: नळी काढायला लावली ते बरोबर केलं का? मी सावकाश विचारते, घाई करत नाही. थोडा वेळ थांबते. काही ऐकू येत नाही. पुढच्या खोलीत बायका उरलेल्या बाह्या जोडत असतात, त्यांना विचारायचं असतं की पुढचा गठ्ठा कुठला घ्यायचा. मी आमेन म्हणते आणि कामाला लागते.