नदीतलं निळं टिंब

बाळांनो, तुमच्या बाबांनी आम्हाला घातलेली अट तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. आजोबांनी सत्तरी ओलांडली तरी मोटारसायकल सुटत नाही, म्हणून तुमच्या बाबांनी परदेशातून फोनवर बजावलं होतं, "बाबा, आता जीपीएस लावून जायचं. मला इथे दिसत राहायला हवं. एकदा जरी रस्ता चुकलात, तर गाडी विकायची."

आजोबांनी हो म्हटलं. मात्र जुना कागदी नकाशा माझ्या हातात दिला. आमची पद्धत लग्नापासूनची आहे. ते गाडी चालवतात, मी मागे बसून त्यांच्या पाठीवर नकाशा धरते आणि वळण आलं की त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारते.

एप्रिलमध्ये आम्ही नदीपलीकडच्या गावी, तुमच्या आत्याआजीकडे निघालो. आमच्या शनवारा भागातून बाहेर पडलो तसं फोनच्या पडद्यावरचं निळं टिंब आमच्याबरोबर वळलं. मी बघतच राहिले. कागदावर मी आयुष्यभर गावं, नद्या, रेल्वेचे रूळ शोधले, पण त्यात आम्ही दोघं कधी दिसलो नव्हतो. आता केळीच्या बागांमधून जाणारं ते टिंब म्हणजे आम्हीच होतो, आणि समुद्रापलीकडे तुमचे बाबा आम्हाला बघत होते.

पुलाच्या अलीकडे केळीच्या ट्रकांची रांग लागली होती. आजोबांनी गाडी थांबवली.

"अगं, नकाशा काय म्हणतो?"

"खाली तुटक रेघ आहे. नदीतून उतार."

उन्हाळ्यात तापीचं पाणी ओसरलं की इथले लोक पात्रातूनच ये-जा करतात. जीपीएसला ते कुठून कळणार? आम्ही खाली वळलो, तशी जीपीएसमधली बाई मागे फिरायला सांगू लागली. आजोबा म्हणाले, "तिला म्हणावं, तू उतरून पुलावरून ये."

पात्राच्या मध्यावर मी पडद्याकडे पाहिलं. चहूकडे निळं पाणी, त्यात आमचं टिंब. खाली मात्र कोरडा, तापलेला काळा खडक.

तेवढ्यात फोन वाजला, म्हणून आजोबांनी गाडी थांबवली. तुमच्या बाबांचा आवाज घाबरलेला. "आई, तुम्ही नदीत आहात!"

"हो. उभे आहोत."

"म्हणजे चुकलात! मी म्हटलंच होतं."

मागून केळी भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणारा ओरडला, "काका, गाडी बंद पडली क्या?"

"नहीं रे, मुलाचा फोन आहे. त्याला वाटतं आम्ही बुडालो!"

"बोलो उसको, आके पानी ढूँढे!"

मी व्हिडिओ लावून खडक दाखवला, ट्रॅक्टर दाखवला, पलीकडच्या काठावर चढणारी वाट दाखवली. तुम्ही दोघं पडद्यात घुसलात. धाकटीनं विचारलं, "आजी, तुम्ही नदीच्या तळाशी बोलताय?"

 मी खरंच तळाशी होते. जिथे चार महिन्यांनी माझ्या डोक्यावरून पाणी वाहणार होतं, तिथे उभी राहून मी सात समुद्रांपलीकडच्या नातवंडांशी बोलत होते.

तुमच्या बाबांनी ती वाट नीट पाहून घेतली. मग म्हणाले, "बाबा, जा पुढे. मी बघतोय." आम्ही काठ चढून आत्याआजीच्या अंगणात पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. रात्री तुमच्या बाबांची फक्त एक ओळ आली: पावसाळ्यात मात्र पुलावरूनच.