विनिताची गाठ

कोपरीच्या एका चाळीत तळमजल्याला विनिता ब्लाउज शिवते. बाहेर पाटी नाही. दारात बायकांच्या चपला दिसल्या की समजायचं. आत शिलाई मशीनच्या वर, तयार ब्लाउजांच्या शेजारी, हँगरला काळ्या रबरी नळ्या लटकलेल्या असतात. नवीन आलेली बाई हमखास विचारते, "हे काय गं, गॅसचं का?" तोंडातल्या टाचण्या न काढता विनिता सांगते, "श्वासाचं."

मी विश्राम, कळव्याचा. पंचवीस वर्षं पाण्याखाली कामं केली, मग कानांनी दगा दिला आणि मी काठावर आलो. आता विनिताचा धाकटा भाऊ रत्नदीप आणि त्याचा जोडीदार सलिल बुडी मारतात, मी घड्याळाचं आणि हवेचं बघतो. सामानाची देखभाल विनिता करणार असं रत्नदीपने सांगितलं तेव्हा मी तोंडावर हसलो होतो. म्हटलं, आता पाणबुडे मापं द्यायला कोपरीला जाणार.

खरंच गेले. पाठीवरच्या हवेच्या टाकीपासून तोंडापर्यंत, हात वर करून, मान वळवून, तिने दोघांचीही टेपने मापं घेतली. माझा स्वभाव मुळात तिरसट, मी विचारलं, "बाई, नळीला कसलं आलंय फिटिंग?" ती म्हणाली, "लांब पडली तर कुठेतरी अडकणार. आखूड पडली तर मान वळली की तोंडातून खेचणार. ब्लाउजचंही हात वर केल्यावरच कळतं, काका." मी चहा मागितला.

सात फुटी नळी तिनेच आणायला लावली. टाकीवरून उजव्या बाजूने खाली येते, कमरेच्या पट्ट्यात खोचायची, मग छातीवरून, मानेमागून फिरवून तिच्या टोकाचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोटी, तोंडात. दुसरा रेग्युलेटर आखूड नळीवर, हनुवटीखाली इलॅस्टिकने बांधलेला. त्या इलॅस्टिकला पोरं मंगळसूत्र म्हणतात. जोडीदाराची हवा संपली तर तोंडातला रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि आपण मंगळसूत्रातला घ्यायचा. नळी लांब असल्यामुळे दोघं अरुंद जागेतूनही एकामागे एक बाहेर येऊ शकतात. बाळकुमच्या तरणतलावात तिने हे वीस वेळा करून घेतलं. एकविसाव्या वेळी सलिल तिच्या पाया पडला.

तलावात एक गोष्ट मात्र नव्हती. दोर.

कल्याणजवळ नदीवरच्या एका पंपहाऊसचं काम होतं. पाणी आत घेणारा सिमेंटचा बोगदा, बारा फूट लांब, एका माणसापुरता रुंद. त्याच्या आतल्या टोकाची जाळी जलपर्णीने आणि जुन्या मासेमारीच्या जाळ्यांनी तुंबली होती. पंप बंद केला होता आणि कुणी चुकून चालू करू नये म्हणून पॅनेलची किल्ली माझ्या खिशात होती. पाणी असं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. अशा ठिकाणी पुढच्या माणसाच्या कमरेला दोर असतो, मागचा तोच दोर धरून जातो आणि परत यायची वाटही तीच.

विनिताने दोघांच्या नळ्या तपासल्या. रत्नदीपची सात फुटी पूर्ण ओढून बघितली, परत खोचली. मग आमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यात शेवटी तिने त्याच्या कमरेला दोर बांधला. दोर शेवटी, आणि जो धरणार त्यानेच बांधायचा. हा नियम माझा, पंचवीस वर्षांचा.

दोघं खाली गेले. आत पोचल्याचा एक झटका आला. विनिता कठड्याला टेकून दोर धरून बसली होती. वारा होता. तिने एका हाताने ओढणी कमरेत खोचली आणि तिच्यावरून जादा दोराचा वेढा घेतला, बैठक पक्की करायला. थोड्या वेळाने ओढणीचं टोक घाम पुसायला ओढलं. ते आलं नाही. तिने खाली बघितलं, परत ओढलं.

"काका," ती म्हणाली, "दोर होजवर बांधला मी."

मला कळायला क्षण लागला. खोचलेल्या नळीवर कमरेचा फास बसला होता. आता ती नळी फार तर हातभर येणार होती, आणि बोगद्यात हातभर नळीचा काही उपयोग नव्हता.

तिने चार झटके दिले. चार म्हणजे वर या. उत्तर नाही. परत चार. बोगद्याच्या तोंडाशी बुडबुड्यांचा मोठा लोंढा वर आला आणि येतच राहिला. तो श्वास नव्हता, कुणाची तरी नळी फुटली होती.

मग दोर एकदम ढिला पडला.

"ओढ," मी ओरडलो. ती हलली नाही. मी दोराला हात घातला तर तिने कोपराने मला ढकललं. "हात लावू नका."

"अगं, तुझा भाऊ आहे आत."

"माझी गाठ सुटत नाही, काका. त्याने कापलीय. होज मोकळी करायला कापलीय." तिने दोर तसाच सैल धरून ठेवला. "आता हा दोर त्यांची वाट आहे. ओढला तर ते येणार कसे?"

मी मनात तिला शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू. तिने दोर कठड्याला दोन वेढे देऊन बांधला आणि दोन बोटं त्यावर ठेवून बसली, कापडाचा पोत बघतात तशी. मी घड्याळाकडे बघत होतो. चाळीस सेकंद. पन्नास. बुडबुडे कमी होत गेले.

"धरला," ती म्हणाली.

मला काहीच दिसलं नाही. पण दोर हळूच ताणला गेला, सैल झाला, परत ताणला. मग रत्नदीपचं डोकं वर आलं, मंगळसूत्रातला रेग्युलेटर तोंडात. त्याच्या मागे सात फूट नळी, आणि तिच्या टोकाला सलिल, डोळे फाटलेले, पण श्वास घेणारा. त्याची नळी जाळीच्या सळईवर चिरली होती.

काठावर बसून खोकता खोकता रत्नदीप म्हणाला, "ताई, तुझी गाठ कापायला लागली गं. तू दोर ओढला असतास ना, तर आम्ही आतच राहिलो असतो." मग त्याने विचारलं, "पण दोर होजवर आला कसा?"

"चूक माझी," विनिता म्हणाली. "तपासून झाल्यावर मी बांधला." आणि ती रडायला लागली. सलिल तिची समजूत घालत होता.

मी खिशातली किल्ली चाचपत उभा होतो. नियम माझा होता, आणि दोर माझ्या हातात असता तर मी तो ओढला असता. त्या दिवशी यातलं एकही मला बोलता आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी बाळकुमच्या तलावावर मी स्वतः दोर घेऊन गेलो. पोहायला आलेली माणसं हसत होती. विनिताने नळ्या काढल्या, पण दोराला हात लावला नाही. म्हणाली, "तुम्हीच बांधा, काका."

मग मी दोघांसमोर तिला सगळं सांगितलं, नियमाचं आणि ओढण्याचंही. तिने टेप गळ्यातून काढली, रत्नदीपच्या कमरेला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोर आधी. मग होज. बांधा."

मी बांधला. तिने त्यावरून नळी खोचली आणि ओढून बघितली. पूर्ण सात फूट आली.