धक्क्यावरची जपूनमावशी

एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, एवढासा तो बेटाचा देश. बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना पहिला आवाज ऐकू यायचा तो धक्क्यावरच्या चौकशी-खिडकीतल्या बाईचा. "नळाचं पाणी पिऊ नका, उकळलेलं मागा. उन्हात टोपी घाला. लाल बावटा दिसला तर पाण्यात पाय घालू नका. आणि पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारू नका, पाठीवर तरंगा, हात वर करा. जपून हं!"

त्या शेवटच्या शब्दामुळे सगळं बंदर तिला जपूनमावशी म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक शिकायला परदेशी गेली ती तिकडचीच झाली. दिवसभर मावशीचं तोंड चालायचं. खोलीवर आली की मात्र भिंतींशी बोलायची पाळी. माणसं तिला रस्ता विचारत, बोटीची वेळ विचारत. "मावशी, तुम्ही जेवलात का?" हे कुणी विचारत नसे. त्यांचं तरी काय चुकलं? सुट्टीवर आलेली माणसं ती.

एक दिवस सकाळच्या बोटीतून एक घोळका उतरला. मावशीने सवयीने सुरुवात केली, आणि नळाच्या पाण्यावरच अडखळली. घोळक्यात काळा चष्मा लावून तिची लेक उभी होती.

"सरप्राइज!" लेक हसली. "ऑफिसची सहल आहे गं. आणि ही माझी आई बरं का!" सोबतच्यांनी मावशीबरोबर फोटो काढले, जसे जुन्या दीपस्तंभाबरोबर काढतात तसे.

"घरी येशील ना?" मावशीने हळूच विचारलं.

"हॉटेल सगळ्यांचं एकत्र आहे, आई. वेळ काढून येते. उद्या यांना आपल्या मागच्या किनाऱ्यावर नेणार आहे."

"तिकडे नको. वादळानंतर वाळू सरकलीय तिथली, पाण्याला ओढ..."

"आई, मी त्याच पाण्यात वाढलेय!" लेकीने गालाला गाल लावला आणि ती घोळक्यामागे धावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नावाडी धापा टाकत खिडकीशी आला. "मावशी, चल. पोरगी ठीक आहे, आधी हे ऐक. पण चल."

मावशी चपला विसरून धावली. नावाड्याच्या पडवीत लेक चादर गुंडाळून बसली होती, ओठ निळे पडलेले. सोबतचे जरा दूर उभे होते.

"आधी खूप हातपाय मारले," लेक म्हणाली. "दम संपला. मग तुझं ते बोलणं आठवलं. लहानपणी खिडकीखाली खेळताना रोज ऐकायचे ना? पाठीवर पडले, हात वर केला. या नावाडीकाकांना दिसला."

मावशीला ओरडायचं होतं. पण ती नुसती लेकीचे केस पुसत राहिली, कोरडे झाल्यावरही.

त्या संध्याकाळी लेक हॉटेलवर गेली नाही. आईच्या अरुंद पलंगावर पडून छताकडे बघत म्हणाली, "आई, तू इथे एकटी कशी राहतेस गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. "राहते," ती म्हणाली. लेकीच्या अंगावर चादर ओढत म्हणाली, "संध्याकाळ जड जाते."

"मग चल ना माझ्याबरोबर."

"तिकडे मी कुणाशी बोलू? इथे निदान बोट तरी येते."

लेकीने तिचा हात हातात घेतला आणि तशीच झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी लेक बोटीने परत गेली तेव्हा मावशीने धक्क्यावर हात हलवला नाही. समोर नवे पाहुणे उभे होते, त्यांना बावट्याचं सांगायचं होतं. संध्याकाळी खोलीवर आली तर पलंगावरची चादर चुरगळलेली, उशीला समुद्राच्या पाण्याचा वास. आवरायला वाकलेली मावशी चादरीला हात न लावता तशीच सरळ झाली. चटई काढली, खाली अंथरली आणि पलंगाकडे तोंड करून आडवी झाली.