बासनातलं हजेरीपुस्तक

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका जुन्या वहीने माझी जेवढी परीक्षा घेतली तेवढी कुणी घेतली नाही.

तेव्हा मी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक विद्यापीठ संकुल होतं आणि तिथलं ग्रंथालय म्हणजे परिसराची शान. खाली अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर ठाण मांडून बसायची, शेजारी संगणक होते, आणि वरच्या मजल्यावर लोककलांचा विभाग होता. आमच्या भागाला तमाशाचं वेड पिढ्यान् पिढ्यांचं. अनेक कलावंतांनी वगांच्या नि लावण्यांच्या हस्तलिखित वह्या या विभागाला दिल्या होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालबाई लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. बाहेरगावचा एक अभ्यासक वह्या पाहायला आला म्हणून त्यांनी कपाट उघडलं होतं. बेल्ह्याच्या एका वृद्ध कलावंत मावशींनी दिलेल्या सात वह्या तिथे लाल कापडाच्या बासनांत बांधून ठेवलेल्या. त्यातलं सर्वांत जुन्या वहीचं बासन सोडलं, तर आत निघालं ग्रंथालयाचंच एक जुनं हजेरीपुस्तक.

मी कान टवकारले. नुसती वही नसती तर हरवली म्हटलं असतं. पण तिच्या जागी दुसरं काही बांधून ठेवणारा माणूस घरचाच असतो, आणि बेत करून आलेला असतो.

मी अर्ज चौकशीवर घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि ग्रंथालयात जाऊन पंचनामा केला. उरलेल्या सहा वह्या तपासणीसाठी ताब्यात घेतल्या. कॅमेरे होते, पण सगळे संगणकांकडे तोंड करून. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक बाईंकडे आणि एक ग्रंथालयाच्या शिपायाकडे. खरं सांगतो, मला त्या दिवशी सगळेच चोर दिसत होते. बाई फार शांत बोलत होत्या, तो अभ्यासक फारच हळहळत होता, आणि शिपाई माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. "साहेब, त्या शिपायाची पिशवी बघा. सुट्टीच्या आदल्या दिवशी लई फुगलेली व्हती," एवढं बोलून फोन बंद.

शिपाई डिंगोऱ्याचा. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कितीतरी वर्षं काढलेली, आणि कायम होण्याची ऑर्डर आता फक्त सहीवर अडलेली. चोरीचा ठपका आला की ऑर्डर गेली, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणूनच तो लगेच फुटेल अशी माझी खात्री होती.

"पिशवीत काय होतं?"

"डबा व्हता, साहेब."

"डबा एवढा फुगतो?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"बासनात हजेरीपुस्तक कोणी ठेवलं?"

"मी ठेवलं," तो म्हणाला. "पन मी चोर न्हाई."

पुढे एक शब्द नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, आवाज चढवला, नोकरीची आठवण करून दिली. तो ऑर्डरवर पाणी सोडायला तयार होता, पण तोंड उघडायला नाही. मग मी जीप घेऊन डिंगोऱ्याला गेलो आणि त्याच्या घराची झडती घेतली. अख्खी गल्ली ओट्यांवर येऊन उभी. त्याच्या बायकोने धान्याचा एकेक डबा आमच्यासमोर उलटा केला, म्हातारे वडील भिंतीला टेकून बघत राहिले. हाती काहीच लागलं नाही. मी चरफडत परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर त्या सहा वह्या घेऊन बसलो. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, थरावर थर, वर्षानुवर्षांची. समोर आमचा हवालदार रायफलींवरच्या सुकलेल्या झेंडूच्या माळा उतरवत होता. खंडेनवमीला आम्ही शस्त्रपूजा केली होती ना! एका रायफलीच्या दस्त्यावर तीच पिवळी-तांबडी बोटं होती.

मी शिपायाला आत बोलावून बसायला खुर्ची दिली. "वही पूजेला गेली ना रे?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेली दोन वर्सं मीच नेऊन देतो, साहेब. दसरा झाला की लगीच आनून ठेवतो. औंदा आनायच्या आधीच कपाट उघडलं."

"आणि हजेरीपुस्तक?"

"बासन रिकामं ठेवू नाय म्हन्त्यात मावशी."

"मग हे कालच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमची गाडी त्यांच्या दारात गेली असती. जलमभर त्यांच्या खेळाला पोलीस बंदोबस्ताला आलं. म्हातारपनी चोरी हुडकायला येनार?"

मी वर्दी उतरवून ठेवली. साध्या कपड्यांत, मोटरसायकलवर बेल्ह्याला गेलो. सोबत फक्त तो. मावशींच्या देवघरात ढोलकीशेजारी वही होती. मी कोण ते सांगताच त्यांनी ती पदरात घेतली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, मी वह्या दिल्या. दसरा न्हाई दिला."

मग त्यांनीच वही माझ्या हातात ठेवली.

वही कपाटात गेली, अर्ज निकाली निघाला. नोंद न करता वही बाहेर नेली ही शिपायाची चूक होतीच. बाईंनी त्याला लेखी समज दिली आणि मावशींच्या नावाने वाचक कार्ड काढलं. दर दसऱ्याला वही रीतसर नोंदून त्यांच्याकडे जावी, अशी सोय झाली. त्याच्या ऑर्डरवर सही झाली, पण बऱ्याच उशिराने. फोनवरची खबर शब्दशः खरी होती. तिचा अर्थ मी लावला, आणि तो खोटा निघाला. बेरकी माणूस मला चटकन ओळखू येतो; भला माणूस गप्प बसला की मी आजही चाचपडतो.

झडती घेतल्याचा पंचनामा होतो, ती मागे घेतल्याचा होत नाही. म्हणून मी पुन्हा डिंगोऱ्याला गेलो. तीच जीप, तीच वर्दी, आणि सगळे घरी असतील अशी वेळ. गल्ली परत ओट्यांवर जमली. मी शिपायाच्या ओट्यावर बसलो, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या वडिलांची माफी मागितली आणि दोन कप चहा प्यायलो.

 मी उठलो तेव्हा म्हातारा म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला या, साहेब. पन गाडी तेवढी वेशीपाशीच ठिवा."