सोनीची सुई

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तेही सांगते.

सानगडीला माझ्या माहेरी आत्याबाईंना साखरेचा आजार होता. म्हणून इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली, काचेची सिरिंज, स्पिरिटचा दिवा, सगळं घरातच. मग त्यांच्या मांजरीला, सोनीला, तोच आजार निघाला. गुरांचा डॉक्टर आधी हसला. मग त्यानंच नेम ठरवून दिला: सकाळी सोनीच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात उकळायचे. निळंच राहिलं तर साखर नाही, सुई नाही. हिरवं झालं तर सिरिंजची एक रेघ, विटकरी झालं तर दोन. साखर नसताना सुई गेली तर जीवच जाईल, म्हणाला, आणि सुईनंतर दूध पाजायचंच — ते काम आत्याबाईंचं.

आत्याबाईंना मोतीबिंदू. रंग पाहायची मी, एकोणीस वर्षांची. "काय रंग आला व?" त्या ओसरीवरून विचारायच्या. मला आवडायचं ते, खरंच! नळीतलं निळं हळूहळू हिरवं होताना पाहत मी कुठल्या कुठे जायची — तळ्याच्या बुडाशी बसल्यासारखी, कान बंद, सगळं संथ.

मग त्या दिवशी काय झालं? काही नाही. दिवाळीनंतरचे दिवस, शेजारच्या गावी मंडईची जत्रा भरलेली, मैत्रिणी बैलबंडीत बसून हाका मारत होत्या. थेंब ड्रॉपरमध्ये तसेच होते. आता दिवा कोण पेटवत बसेल?

"काय रंग आला व?"

"विटकरी," मी म्हटलं. काल विटकरीच होता ना! दोन रेघा भरल्या, टोचल्या — आणि पळाली.

दिवसभर दंडारीचा खेळ पाहिला, आकाशपाळण्यात बसली. फार सुंदर दिवस होता — लपवू कशाला?

दिवेलागणीला परत आली तर सोनी आत्याबाईंच्या मांडीवर. थंड. मी मागच्या खोलीत जाऊन सकाळचे थेंब उकळले. पुन्हा उकळले. निळं ते निळंच.

"मले झपकी लागली व पोरी. मीच दूध पाजलं नाही, म्हणून गेली ते," आत्याबाई रडत म्हणाल्या.

मी नळी धुऊन पालथी घातली. भीती वाटली? छे — हायसं वाटलं मला.

पुढं कोणी पिल्लू आणून दिलं की त्या परत पाठवायच्या. "नको. माह्या हातून जीव जाते." आणि मी शेजारी बसून त्यांची समजूत काढायची. होऊन जाते चूक, आत्याबाई, म्हणायची.