लेकीच्या नावाची पारध

आमच्या मालकांना कोंबडी कापता येत न्हाई, हे आधीच सांगते, म्हंजे पुढचं नीट कळंल. पाव्हणे आले की कोंबडी शेजारच्या अंबूबाईकडं जाते आन् मालक टेम्पो पुसायला जातात. टेम्पो लखलखीत असला तरी पुसतात. लाज वाटली, जीव घाबरला, काय बोलावं सुचलं न्हाई, की घेतलं फडकं. असा माणूस! आन् घराला नाव काय, तर शिकाऱ्याचं घर. हिर्डोशीत येऊन बाजीराव मळेकराचं घर कुठं इचारा, चारजण एकमेकाकडं बघतील. शिकाऱ्याचं घर म्हणा, दारात आणून सोडतील.

ते नाव माझ्या सासऱ्यानं कमावलेलं. मामंजी म्हंजे भिमा शिकारी. बंदूक-बिंदूक न्हाई, त्यांच्याकडं वाघूर व्हती, रानात आडवं बांधायचं दोरीचं जाळं. मामंजी वाघूर लावून बसायचे, गडी पल्याडनं हाका घालत रान उठवायचे, आन् बिचारं भेकर, ल्हानसं हरीणच त्ये, पळत येऊन जाळ्यात. मंग आमच्या दारात वाटे पडायचे. पळसाच्या पानावर मटण, हाका घालणाऱ्याला एक वाटा, वाघरवाल्याला दोन, आन् गावात बाळंतीण असली तर तिच्या घरी न मागता एक. मामंजी वाटा उचलून द्यायचे तवा अख्खं गाव हात पुढं करून उभं. कायदा तवा बी व्हताच. पर डोंगरात बघायला कोण येतंय, असं चालायचं.

मालक ल्हान असताना मामंजींनी त्यांना एकदा वाघरापाशी बसवलं, हातात दांडकं दिऊन. भेकर आलं, जाळ्यात गुरफटलं आन् वरडलं. ह्यांनी दांडकं टाकलं, डोळे मिटले आन् दोन्ही कानांवर हात ठेवले. भेकर दोरी फाडून गेलं. त्या दिशी वाटे पडायच्या जागी, गावाम्होरं, मामंजी म्हणाले, "ह्येला चुलीपाशी बसवा, भाकऱ्या तरी शिकंल." तवाधरनं ह्ये रानात जळणाला सुदिक गेले न्हाईत. ही गोष्ट मला ह्यांनी कधी सांगितली न्हाई. गावानंच सांगितली, अंगाची हळद निघायच्या आत.

एरवी माणूस म्हणाल तर सोनं. सकाळी दुधाचे कॅन घिऊन भोरला जायचं, येताना कुणाची गोणी, कुणाची म्हातारी, कुणाचं औषध. एसटीचा हितं काय भरवसा, आली तर आली. अडल्या बाईला आमच्या टेम्पोत घातलंय आन् दुधाच्या आधी दवाखान्यात पोचवलंय, असं कितीदा झालं. पर लोक त्ये इसरतात. चुलीपाशी बसवलेला तेवढा ध्यानात ठेवतात.

आमची अश्विनी एकुलती एक. तिच्या डोक्यात वनरक्षक व्हायचं. भरतीला पळावं लागतं, म्हणून पहाटं वरंध घाटाच्या रस्त्यानं पोरगी पुढं पळायची आन् मागनं ह्यांचा टेम्पो, लाईट लावून, तिच्या पायाम्होरं उजेड पाडत. लोक हसायचे. ह्ये म्हणायचे, "हसू द्या, पाय माझ्या पोरीचे हायेत." लागली पोरगी. वेल्ह्याच्या अंगाला तिला नेमणूक मिळाली. छातीवर लावायची नावाची पाटी ह्यांनी भोरला स्वतः करून आणली. ती म्हणली, "आबा, अ. बा. मळेकर एवढंच लिहितात." ह्ये तिच्यावर डाफरले, "बापाचं नाव आखडतीस व्हय?" दुकानदाराला बारीक अक्षर काढायला लावून त्यांनी अख्खं बसवलं. अश्विनी बाजीराव मळेकर. पाटी बोटानं पुसून पुसून बघत व्हते.

हितवर सगळं गोड. मंग कुंडलिक कडमडला. कुंडलिक म्हंजे आमच्या आळीतला बोलभांड, स्वतः कधी उठायचं न्हाई आन् दुसऱ्याला बसू द्यायचं न्हाई. हाटेलात चार माणसांत हा म्हणला, "शिकाऱ्याची नात रानाची मालकीण झाली की! आता पारध झालीच पायजे. काय बाजीराव, वाटे कवा? का तू आपला भाकऱ्याच वाढतोस?" सगळे खो खो हसले.

मालक घरी आले. जेवले न्हाईत. सरळ माळ्यावर चढले आन् मामंजींची वाघूर खाली वडली. उंदरांनी खाल्लेली, धुळीनं भरलेली.

"अवं, ह्ये काय?"

"पोरीच्या नावाची पारध करायची. गाव जेवलं पायजे."

"अवं, शुद्धीवर हाय का? ती फॉरेस्टात लागलीया! भेकर मारणाऱ्याला धरायचा पगार घेती ती!"

"तेच म्हणतो म्या," ह्ये म्हणले, आन् तोंडावर असा आनंद की मला मारावं का रडावं कळंना. "रान आता घरचं झालं. एसटीत लागलेल्याच्या आईबापाला पास मिळतो का न्हाई? मंग? आपल्याला धरणार कोण? आपलीच पोरगी?"

म्या कपाळावर हात मारला. आन् खोटं कशाला बोलू, गावात कुणालाच ह्यात वाकडं दिसलं न्हाई. जो तो म्हणायचा, बरोबर हाय, घरचा माणूस सरकारात असल्यावर कसली भीती.

मंग ह्यांची तयारी! अरारा, काय सांगू. शिकवायला मामंजी न्हाईत, म्हणून मोबाईलवर कुठल्या मुलखातल्या गोऱ्या लोकांची डोंगरातली शिकार बघायचे. त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पर "व्हय, व्हय" म्हणत मान हालवायचे. भोरच्या बाजारातनं मिल्ट्रीवाल्यागत पानापानाची पॅन्ट आणली, गुडघ्यावर सुदिक खिसे. गोरा माणूस वारं बघायला हवेत पावडर उडवतो, म्हणून माझा पावडरचा डबा पळवला आन् अंगणात फुस्सकन उडवायला लागले. वारं वळलं, सगळी पावडर ह्यांच्याच मिशीला. नायलॉनची दोरी आणून वाघूर सांधली. सांधली मातुर झकास. गाठीला गाठ अशी की नजर ठरंना. म्या म्हटलं, "एवढं कपाळ फुटायच्या कामात हात कसा चालतोय तुमचा?" तर म्हणले, "गीता, एकदाच. एकदाच माझ्या हातानं वाटे पडू देत. मंग ही वाघूर तूच चुलीत घाल."  तीस वर्सं ज्या माणसानं काय मागितलं न्हाई त्यानं ह्ये मागितलं. पर म्या व्हय म्हटलं न्हाई. मेले तरी म्हणणार नव्हते.

देवीला कौल लावला, वाघजाईला. गुरवानं देवीला फूल चिकटवलं. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. पडलं डावं. ह्ये म्हणले, मागणं नीट सांगितलं न्हाई, परत लावा. परत डावं. म्हणले, फूलच जड हाय. तिसऱ्यांदा बारकं फूल लावलं तवा पडलं उजवं. म्या देवळाच्या पायरीवरनंच म्हटलं, "देवी काय बहिरी हाय व्हय, तीनदा इचारायला? तिनं सांगितलं त्ये तुमाला ऐकू येत न्हाई." गुरव खाली बघत घंटा पुसत ऱ्हायला.

आन् वर कडी म्हंजे, ह्यांनी पोरीला फोन केला. "रविवारी सुट्टी काढून ये. मोठा कार्यक्रम हाय. आन् तुझा खाकी ड्रेस घालून ये, गावाला बघू दे." कसला कार्यक्रम त्ये सांगितलं न्हाई, तिला गंमत दावायची व्हती. म्या नंतर दोन दिवस फोन लावत व्हते. पोरगी रानात, रेंज न्हाई.

पौषातला रविवार. भातं झोडून झालेली, गडी मोकळे. सकाळी सगळे डोंगरात गेले, ह्ये पुढं, पानापानाची पॅन्ट, खांद्यावर वाघूर, खिशात माझी पावडर. म्या हट्टानं वाटण वाटलं न्हाई. तर बाया आपापलं खोबरं-मिरच्या घिऊन आल्या आन् माझ्याच पाट्यावर वाटायला बसल्या! अंबूबाईनं पळसाची पानं धुवून वळीनं मांडली. अंगणात नुसती पातेली. कुणी लग्नाला जमावं तसं हसणं-खिदळणं. म्या कोपऱ्यात बसून ऱ्हायले. माझ्याच दारात मला परकं वाटत व्हतं.

आन् एसटी आली. नको त्या दिशी बरी येळेवर आली. अश्विनी अंगणात शिरली. खाकी ड्रेस, कडक इस्त्री, छातीवर पाटी. बाया म्हणल्या, "अगंबाई, काय दिसतीया पोरगी!" ती हसली, मंग तिला पातेली दिसली, पानं दिसली, वाटण दिसलं.

"आई, काय हाय गं आज?"

सगळ्या बाया पाट्यावर वाकल्या. आन् त्याच वक्ताला वरनं डोंगरातनं हाका आल्या, हो-हो-हो-हो! पोरीचं तोंड उतरत गेलं.

"आबा कुठं हायेत?"

म्या वर बोट केलं. "वाघरापाशी बसलाय तुझा बाप. पळ, माय. पळ!"

ती पळाली. बापानं टेम्पोच्या उजेडात पळायला शिकवलेली पोरगी, डोंगर कसा चढली कळलं न्हाई.

वर काय झालं त्ये मला दोघांनी येगयेगळं सांगितलं, पर सारखंच सांगितलं. हाका घालणाऱ्यांना झाडीतनं खाकी दिसली. कोण हाय, कुणाची हाय, कुणी बघितलं न्हाई. "फॉरेस्ट आलं!" म्हणून कुंडलिक सगळ्यात आधी पळाला, त्याची एक चप्पल तितंच ऱ्हायली. बाकीचे त्याच्या मागं. पर रान उठलं व्हतं. भेकर पळत खाली आलं आन् ह्यांच्या वाघरात पडलं. गाठी पक्क्या, ह्यांच्याच हातच्या. एक सुटंना. त्ये वरडलं, लेकरागत वरडलं. मालकांच्या हातात कोयता व्हता. ह्या बारीला डोळे मिटले न्हाईत, कान झाकले न्हाईत. नुसते बघत बसले. मारवंना बी आन् सोडवंना बी.

अश्विनी आली. म्हणली, "आबा, कोयता." ह्यांनी दिला. तिनं वाघूर सपासप तोडली. भेकर उठलं, लंगडलं, आन् झाडीत गेलं.

मालकांना वाटलं, सुटलो. हसून म्हणले, "बरं झालं बाय तू आलीस. माझ्यानं झालंच नसतं. चल, घरी चल."

"घरी न्हाई, आबा. ऑफिसात."

"अगं, काय झालं न्हाई की! सुटलं की त्ये!"

ती रडत व्हती, पर बोलली नीट. "पारध लावली न्हवं तुमी. आज तुमाला सोडलं तर उद्या कुंडलिककाकाला कुठल्या तोंडानं धरू?"

मालकांनी तोडलेली वाघूर गोळा केली आन् खांद्यावर टाकली.

हिकडं अंगणात आमाला काय माहीत. उतारावर दोघं दिसली. पोरगी पुढं, मागं बाप, बापाच्या खांद्यावर वझं. बाया उठल्या. "आलं, आलं! शिकाऱ्याच्या पोरानं आणलं!" पातेली वाजवली, अंबूबाईनं पानं सारखी केली. म्या पोरीचं तोंड बघितलं आन् कोपऱ्यातनं उठले.

मालक आले. पानांच्या वळीम्होरं, मामंजी उभं ऱ्हायचे बरोबर त्याच जागी, वाघूर खाली टाकली.

"भेकर सुटलं," ह्ये म्हणले. "म्या सापडलो. पातेली घिऊन घरी जावा."

 सगळ्या बायांची नजर त्या पानापानाच्या पॅन्टीवर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ह्यांची लाज वाटली, आन् ह्यांना हसलेल्या गावाची त्याहून जास्त. मंग एकेक पातेलं उचललं गेलं. वाटण तेवढं माझ्या पाट्यावर तसंच ऱ्हायलं.

त्या येळेला भोरला एसटी न्हाई. आरोपीनंच टेम्पो काढला आन् धरणारीला शेजारी बसवून नेलं. ऑफिसात ह्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं न्हाई. वाघूर जमा झाली, केस झाली, जामीन झाला. दुसऱ्या दिशी गावात जो भेटंल तो म्हणायचा, आमी कुठं व्हतो तितं? कुंडलिकानं आपलं दूध दुसऱ्या टेम्पोला घातलं. म्हणला, केसवाल्याच्या गाडीत नगं. एका चपलंवर घरी आलेला माणूस!

मालक त्या दिवसापासनं मान वर करत न्हाईत. दूध घालतात, म्हाताऱ्या नेतात, पर हाटेलाम्होरं टेम्पो थांबत न्हाई. पोरीशी बोलतात, तिच्या बुटाकडं बघून बोलतात.

परवा कोर्टाची पयली तारीख व्हती. पोरगी साक्षीला, बाप आरोपी, जायचं दोघांनी एकाच टेम्पोतनं. ती रात्री मुक्कामाला आली, सकाळी ड्रेस घालून अंगणात उभी ऱ्हायली. मालकांनी लग्नकार्याचा पांढरा लेंगा घातला व्हता. तिच्याजवळ गेले आन् खाली बघतच म्हणले, "अश्विनी, आजच्या दिवस ती पाटी काढ गं. कोर्टात चार माणसं वाचतील. माझं नाव तुझ्या छातीवर नगं."

तिनं पाटीवर हात ठेवला. म्या म्हटलं, काढती जणू. तिनं ती जरा तिरपी झालेली व्हती, ती सरळ केली.

"ऱ्हाऊ द्या, आबा. चला, तारखेला उशीर नगं."

 मालकांनी टोपी डोळ्यांवर वडली, सीटखालचं फडकं काढलं आन् टेम्पोची काच पुसायला लागले. काच लखलखीत व्हती. पोरगी त्यांचं पुसून होईस्तवर थांबली.