सिंदीच्या जिनातल्या नव्या बाया

जिल्ह्यात रोजगार वाढावा म्हणून सरकारनं तेव्हा एक सवलत काढली होती. कारखान्यानं नवा माणूस कामावर घेतला, की त्याच्या मजुरीच्या मानानं मालकाला करात सूट. तिचा खरोखर उपयोग होतो का, हे बघायला वर्धेच्या कचेरीनं मला सिंदीला धाडलं. मी नोकरीत नवा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

कापसातून सरकी काढायचा सिंदीचा कारखाना, म्हणजे तिथलं जिन, कागदावर डोळे दिपवणारं होतं. दरवर्षी सगळ्याच्या सगळ्या बाया नव्या. आमचे साहेब खूश. मला मात्र खटकलं, कारण रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस सारणाऱ्या त्या बायांचे हात मी बघितले होते. नव्या माणसाचे हात इतके झपाझप चालत नाहीत.

जिनाचे मालक असलेल्या शेठना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "होळीला जिन बंद झालं की सगळ्यांचे बिल्ले परत घेतो. दिवाळीनंतर सुरू झालं की नवे देतो. मग नवीनच ना?" त्यात लबाडी नव्हती. वडिलांच्या वेळेपासून तसंच चाललं होतं. नियम करणाऱ्यांनी जिन कधी पाहिलं नव्हतं, त्याला शेठ तरी काय करणार?

मग मी एकेका बाईला विचारायला बसलो. पहिलीच बाई पन्नाशीची. घरी आईबाप नसलेला एक नातू, आणि दोघांचं पोट या जिनावर.

"कितवं वर्ष, मावशी?"

"तेरा झाले, साहेब." मग मुनीमाकडे बघून ती हळूच म्हणाली, "पण मले नवीच लिवा ना. तुमचं काय जाते?"

"खरं असेल तेच लिहावं लागतं," मी म्हणालो. असली वाक्यं आपल्याला शोभतात, असं मला त्या वयात वाटे.

अहवालात मी लिहिलं, की नवा रोजगार एकही नाही. वर फुकटची अक्कलही पाजळली: जी पूर्वी त्या कारखान्यात कधीच नव्हती, तिलाच नवी धरावं. सूचना मंजूर झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

पुढच्या दिवाळीनंतर सिंदीला गेलो, तर रेच्यांपुढे सगळे अनोळखी चेहरे. हात अडखळत होते. शेठनी माझा नियम तंतोतंत पाळला होता. जुन्या बाया फाटकाबाहेर उभ्या होत्या, आणि त्यांत मावशी.

"मी जुनी निघाली ना, साहेब," ती म्हणाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "हिंगणघाटले जिन हाय म्हणतात. थं मले कोणी ओळखत नाई. थं तरी नवी धरतीन का?"

"धरतील," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

महिन्याभरानं हिंगणघाटची तपासणीही माझ्याच गळ्यात पडली. मावशी तिथं रेच्यापुढे बसली होती. यादीत तिचं नाव होतं. नियमाप्रमाणे एक नवा रोजगार. मी बरोबरची खूण केली. लाजेनं मान वर होईना, तरी विचारलं, "नातू कुठं आहे?"

"सिंदीलेच. शेजारणीपाशी ठेवला." तिनं रेच्यात कापूस सारला आणि माझ्या कागदाकडे बघितलं. "थे बी लिवा लागते का, साहेब?"